खालची ओळ

२ मार्च १९७४, शनिवार

घेतला शेवटी! पुंजाजीने रेडिओ घेतला. सकाळी वांग्यांच्या पाट्या घेऊन वाशीमच्या बाजारात गेला आणि दुपारच्या बसने गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवून परत आला. डाकेची थैली आणि तो, एकाच बसने उतरले आणि दोघेही थेट माझ्या पोस्टाच्या ओट्यावर!

मी नुकताच पेपर उलगडला होता. बजेटचा अंक. बारा-पंधरा माणसं समोर बसलेली. कार्ड-पाकिटं महागणार, तुटीचं अंदाजपत्रक. तूट म्हणजे सरकार नोटा छापतं आणि आपल्या घरातलं तेल-मीठ महाग होतं, हे मी समजावून सांगत होतो. आणि ह्याने मधेच खटका फिरवला. कोणीतरी बाई गायला लागली. सगळी माणसं उठून त्याच्याभोवती! माझं बजेट तिथंच राहिलं.

पेपर घडी करून आत ठेवला आणि पाठ फिरवून शिक्के पुसत बसलो. पुंजाजी काहीतरी बोलत होता. मी ऐकलं नाही.

५ मार्च

रेडिओला लायसन्स लागतं. दर वर्षी. फॉर्म माझ्या पेटीत आहे, भरून वाशीमच्या पोस्टात द्यायचा असतो. पुंजाजी रस्त्याने चालला होता, ओट्यावरूनच विचारलं. म्हणाला, काढू ना भाऊ, एवढी वांगी निघू द्या. वाशीमला जाऊन रेडिओ आणायला वेळ आहे, माझ्या तीन पायऱ्या चढायला नाही!

बरं. नको काढू.

६ मार्च

पेपर पुन्हा रोडावला. कागद मिळत नाही म्हणे, सरकारने कोटा कापलाय. आणि रेडिओ? तो दिवसभर बडबडायला मोकळा! माझं मत असं — सरकारला वाचणारी माणसं नकोत, ऐकणारी पाहिजेत. वाचणारा माणूस मधेच थांबतो, जुना अंक काढून दाखवतो, बाबा, गेल्या साली तू असं म्हणाला होतास. रेडिओचा जुना अंक कुठून काढणार?

हे सगळं आज ओट्यावर बोललो. ऐकायला तिघं होते, त्यातला एक पेंगत होता.

११ मार्च

उकंडराव आले होते, जावयाला पत्र लिहून घ्यायला. पूर्वीच्या पाटलांच्या घरातले, त्यामुळे सांगताना असे सांगतात जसा काही हुकूम काढतात. लिहून झाल्यावर खाली नेहमीची ओळ घातली — पत्र लिहिणाऱ्याचा सर्वांना जयभीम.

दुसऱ्याचं पत्र जो लिहितो तो खाली आपलाही एक नमस्कार घालतो, ही इकडची रीत. कोणी रामराम घालतं, मी जयभीम घालतो. अकरा वर्षांपूर्वी पोस्ट माझ्या घरी आलं तेव्हा ह्याच उकंडरावांनी मला ती ओळ खोडायला सांगितली होती. सोयऱ्यांच्या घरी कागद जातो, बरं दिसत नाही म्हणे. तेव्हा वरच्या आळीची माणसं ओट्यावर चढत नसत. रस्त्यात उभी राहून पत्रं मागायची आणि मी वरून हातावर टाकायचो. एकटा पुंजाजी माळी वर येऊन खांबाला टेकून बसला होता. त्याने विचारलं होतं, "लिहिनाऱ्याचा रामराम चालते, त मंग ह्याचा जयभीम काहून चालत नाई? हात त ह्याचाच हाय."

ओळ राहिली. मग माणसंही एकेक करून वर आली. पेपर ऐकायला का होईना, पण आली, बसली, भागिरथाच्या, माझ्या बायकोच्या, हातचं पाणी प्यायली. वडील आज असते तर त्यांचा विश्वास बसला नसता.

तोच पुंजाजी! आज त्याची खांबाजवळची जागा रिकामी होती. मला त्या खांबाचासुद्धा राग आला.

२९ मार्च, शुक्रवार

गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने सोडून दिला! गेल्या साली हातात घेतला तेव्हाच मी ह्या ओट्यावरून सांगितलं होतं — टिकायचं नाही, गहू सरकारी गोदामात जाण्याऐवजी व्यापाऱ्यांच्या तळघरात जाईल. सांगितलं होतं की नाही? तेव्हा ह्या पुंजाजीनेच मला विचारलं होतं, भाऊ, घाऊक म्हंजे काय?

आणि आज सकाळी हा पाराजवळ चार माणसांना सांगत होता, काल रेडिओवर आलं, सरकारनं गहू सोडला, टिकणारच नव्हतं ते, गहू तळघरात गेला. माझंच वाक्य! जसंच्या तसं! माझा पेपर उद्या येणार. माझं बोलणं खरं ठरलं आणि मलाच ते एक दिवस उशिरा कळणार.

भाकरी थापता थापता भागिरथा म्हणाली, "त्या रेडिओवर एवढे जळता काहून? जशी काय सवत आनली कोनं तुमच्यावर."

जेवलो नाही नीट.

२२ एप्रिल

संध्याकाळी मळ्याकडे फिरायला गेलो. उगीच. पुंजाजीच्या कुंपणाच्या ह्या बाजूला उभं राहून सगळ्या बातम्या ऐकल्या. आतमध्ये वीस-बावीस माणसं असावीत. कस्तुराबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, रेडिओला भरतकामाचं कव्हर शिवलंय — देवाला घालतात तसं! बातम्यांत 'चलनवाढ' शब्द चारदा आला. अर्थ एकदाही सांगितला नाही. कोणी विचारलाही नाही. सगळे आपले माना हलवत होते.

मला सांगता आला असता.

६ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

आठ दिवस तयारी केली होती. विहारात वंदना झाली की मी बोलणार होतो. विषय — विज्ञान आणि आपण. चंद्रावर माणूस गेला इथपासून सुरू करून, मुंबईत टेलिव्हिजन आलंय, उद्या नागपूरला येईल, परवा आपल्याकडे, तेव्हा आपली पोरं त्याच्यासमोर बसणारी हवीत की त्याच्या आत बोलणारी, असा शेवट. शेवट चांगला जमला होता.

उभा राहिलो आणि पुंजाजी रेडिओ घेऊन आला. म्हणाला, भाऊ, तुमच्या सणाचा कार्यक्रम लागनार हाय, म्हनून आनला. आमच्याच वस्तीतला देवमन, माझा चुलतभाऊ, धावत गेला आणि रेडिओ माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझ्या कागदांवर! अर्धा तास रेडिओ बोलला. मग खिरीची वेळ झाली. लोक पुंजाजीला आग्रह करकरून वाढत होते.

कागद घरी आणले. त्यांच्यावर रेडिओच्या चार पायांचे ठसे आहेत.

७ मे

आज ते केलं.

अकोल्याच्या लायसन्स इन्स्पेक्टरला कार्ड. आमच्या गावी पुंजाजी नावाचा इसम विनापरवाना रेडिओ वाजवतो, सरकारचं नुकसान होतं, चौकशी व्हावी. नाव घातलं नाही. अक्षर मुद्दाम वाकडं काढायला बसलो, पण दोन शब्दांनंतर हात आपोआप सरळ झाला. पत्र लिहायला घेतलं की हात माझं ऐकत नाही, आपला शेवटपर्यंत लिहून मोकळा होतो. पुन्हा वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर टाकलं नसतं. पत्ता घातला, शिक्का मारला, थैलीत टाकलं, थैलीला लाख लावली.

ही चहाडी नाही. कायदा आहे. मी पोस्टाचा माणूस आहे.

९ मे

रेल्वेचा संप! देशभर गाड्या बंद. वाशीमहून थैली आली ती जवळजवळ रिकामी, पेपर नाहीच. संपवाल्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. महागाई सगळ्यांनाच आहे, पगार काही नोटांसारखा छापून मिळत नाही. पण सरकारचा अडेलतट्टूपणा आणि पुढाऱ्यांची हौस, ह्यात माझा पेपर का अडकला?

पुंजाजीचा रेडिओ रुळावरून चालत नाही. तो चालूच आहे.

१३ मे

ओट्यावर कोणी नाही. एक कुत्रं होतं, तेही उठून गेलं.

१८ मे, शनिवार

सकाळपासून गावात एकच शब्द — अणू. आपल्या देशाने अणू फोडला! राजस्थानात. रेडिओवर आलं. मी पोस्टमास्तर, म्हणून माणसं मला विचारतात, आणि माझ्याकडे दहा दिवस झाले पेपर नाही!

शेवटी संध्याकाळी मळ्यात गेलो. कुंपणापाशी थांबलो नाही, सरळ फाटकातून आत. पुंजाजीने उठून घोंगडी झटकली आणि मला रेडिओच्या पुढ्यात बसवलं.

बातम्या लागल्या. शांततेच्या कामासाठी भूमिगत अणुस्फोट. झालं! उकंडराव म्हणाले, भूमिगत तर बेचाळीस साली आमचे मामा झाले होते, सहा महिने पोलिसांना सापडले नाहीत, मग हा अणू सरकारला सापडला कसा? कोणी म्हणालं, संपाचे पुढारी भूमिगत झालेत, त्यांच्यावर फोडला असेल. गलका वाढला. रेडिओ आपला पुढच्या बातमीवर गेला, त्याला काय!

तेव्हा पुंजाजीने खटका फिरवला. बातम्या चालू असताना रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे वळला.

"भाऊ, म्हंजे काय?"

अडीच महिन्यांनी ऐकला हा प्रश्न. ह्याचीच वाट पाहत होतो. खोटं कशाला लिहू.

मग मी सांगितलं. भूमिगत म्हणजे जमिनीखाली. आपण विहिरीत सुरुंग लावतो तसंच, खोल भोक पाडायचं, वरून माती दाबायची. फरक एवढाच की हा सुरुंग उघड्यावर उडाला तर अख्खं वाशीम जाईल. एकाने विचारलं, विहिरींना पाणी लागायला सरकार हा सुरुंग देईल का? मी म्हणालो, सरकार तसंच काहीसं बोलतंय, खाणी खोदू, कालवे काढू. पण माझं मत विचाराल तर हा स्फोट शेजाऱ्यांना ऐकू जावा म्हणूनच केलाय. शांततेसाठी स्फोट — बुद्धाच्या देशाला हे बोलताना काही वाटलं नाही! आणि तरी आतून छाती फुगते, तेही कबूल करतो. आगगाडी चालत नाही, रॉकेलला रांग आहे, आणि आपल्याच माणसांनी अणू फोडला. अभिमान आणि राग, दोन्ही एकदम येतात. असं सगळं बोललो. कोणी पेंगलं नाही. कस्तुराबाईने चहा आणला.

निघताना पुंजाजी फाटकापर्यंत आला. म्हणाला, "ह्या डब्याले सांगता येते, समजावता नाई येत. म्हनून त त्या दिवशी बसमधून उतरून सरळ तुमच्याकडं आनला होता. म्हनलं, तुमच्याच ओट्यावर राहू द्या. तुमी पाठ फिरवली."

१९ मे

कार्ड!

वाशीमहून ते अकोल्याला आगगाडीने जायचं. म्हणजे अजून कुठल्या तरी स्टेशनात, कुठल्या तरी पोत्यात पडलेलं असणार. मागता येत नाही. थैलीला लाख लागली की ती माझी राहत नाही. अकरा वर्षं हेच लोकांना सांगत आलो — टाकलेलं पत्र परत मिळत नसतं.

२४ मे

संप चालू राहू दे. पुढाऱ्यांनी माघार घेऊ नये, सरकारनेही घेऊ नये. आज मळ्यात मी संपाच्या बाजूने एवढं जोरात बोललो की उकंडराव म्हणाले, मास्तर, तुमचा कोनी नातलग हाय काय रेल्वेत?

रोज जातो हल्ली मळ्यात. बातम्या संपल्या की पुंजाजी रेडिओ बंद करतो आणि माझ्याकडे बघतो. मग माझी पाळी. लोक माझ्या पाळीपर्यंत थांबतात.

पुंजाजीला सांगावं का? लायसन्स लगेच काढ, एवढं तरी? आज तोंडापर्यंत आलं होतं. का रे बाबा एवढी घाई, असं त्याने विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

२८ मे

संप मागे घेतला. काल रेडिओवर आलं. सगळे खूश, मी एकटा सोडून.

१ जून

तीन आठवड्यांचे पेपर एकदम आले. हा एवढा गठ्ठा! अणूचा अंक वर काढून ओट्यावर ठेवला, चांगला मोठा मथळा होता. दोन पोरं चित्र पाहून गेली. बाकी कोणी आलं नाही. विचारलं तर म्हणतात, आमाले ठाऊक हाय मास्तर, तुमीच त सांगतलं!

मळ्यात सांगितलं मी. त्याच्या रेडिओजवळ, त्याच्या घोंगडीवर, त्याच्या बायकोचा चहा पिऊन. माझ्या ओट्यावर नाही. इथं पोस्ट आहे, पेपर आहे, मी आहे, आणि माणसं तिकडे! पुन्हा आतून कढ आला. बरं केलं कार्ड टाकलं ते. मनापासून लिहितो, आज असंच वाटतंय. उद्या काय वाटेल ते माहीत नाही.

३ जून

नको होतं टाकायला.

११ जून, मंगळवार

दुपारच्या बसने अकोल्याचे लायसन्सचे साहेब उतरले. हातात फाइल. पोस्टाची पाटी पाहून आधी माझ्याकडेच आले, पाणी प्यायले. विचारलं, पुंजाजी माळ्याचा मळा कुठे? मी ओट्यावर उभा राहून हात केला. ह्या हाताने केला — समोर, मग उजवीकडे, चिंचेनंतर पहिलं फाटक.

मागून गेलो नाही. शिक्के पुसत बसलो. तासाभराने साहेब परत आले, रेडिओ काखेत. भरतकामाचं कव्हर तसंच होतं त्याच्यावर. दंड भरून, लायसन्स काढून, अर्ज केला तर परत मिळेल म्हणाले. चांगले गृहस्थ होते. बस येईपर्यंत माझ्याशी महागाईवर बोलले. मी काय बोललो ते आठवत नाही.

भागिरथा संध्याकाळी मळ्यातून भाजी घेऊन आली. तिने सांगितलं, साहेब आले तेव्हा पुंजाजी एकटाच होता, कस्तुराबाई बाजारात. साहेबांनी त्याला एक कार्ड वाचून दाखवलं. कोणी टाकलं म्हणून सगळा गाव विचारतोय. पुंजाजी सगळ्यांना एकच सांगतो, "नाव नव्हतं त्याच्यावर कोनाचं."

मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, दिवा लाव.

१३ जून

ओटा भरला! अठरा माणसं मोजली. रेडिओ नाही, म्हणून पुन्हा पेपर. उकंडरावसुद्धा. पाऊस लांबलाय, सरकार कर्जरोखे काढतंय, महागाई रोखायला नवे उपाय करणार म्हणे. सगळं वाचलं, सगळं समजावलं. एकदाही कोणी उठलं नाही. हेच पाहिजे होतं मला, मार्चपासून ह्याच्यासाठीच जळत होतो.

पुंजाजी आला. तीन पायऱ्या चढला आणि आपल्या खांबाला टेकून बसला. शेवटपर्यंत बसला. 'म्हंजे काय' असं एकदाही विचारलं नाही.

१६ जून, रविवार

पोस्ट बंद. तरी पुंजाजी आला. लायसन्सचा फॉर्म भरून घेतला. सोबत साहेबांना अर्ज हवा होता — चूक झाली, दंड भरतो, रेडिओ परत मिळावा. लिहिला, वाचून दाखवला, शाईचं पॅड पुढे केलं. त्याने अंगठा लावला नाही.

"खालची ओळ राह्यली, भाऊ."

मी म्हणालो, सरकारी कागदावर ती ओळ लिहीत नसतात.

"त्या कार्डावर होती न. सायबानं वाचून दाखवली मले."

मी पेन उचललं आणि ती जयभीमची ओळ लिहिली. तिच्याखाली त्याने अंगठा उठवला.